एक शब्द, दोन प्राणी: तळेवाडीचे वटवाघूळ आणि सह्याद्रीचे बर्डविंग



सातवीच्या वर्गात मी एकदा सहज विचारले, "पाकोळी म्हणजे काय?" खानापूरकडची मुले म्हणाली, "बाई, ती बारकी वटवाघळे. संध्याकाळी जुन्या वाड्यातनं बाहेर पडतात ती." मागच्या बाकावरच्या दोघी म्हणाल्या, "नाही बाई, पाकोळी म्हणजे फुलपाखरू. आमची आजी असंच म्हणते." एकाने तिसरेच सांगितले. देवळाच्या छताला मातीचे घरटे चिकटवणारा पक्षी म्हणजे पाकोळी. वर्गात चांगलीच जुंपली. गंमत अशी की तिन्ही उत्तरे बरोबर होती. मराठी माणसाने पंखाकडे पाहून नाव दिले. जे हलके आहे आणि भुरकन उडते ते पाकोळी, एवढा त्याचा साधा हिशेब.

रोजच्या बोलण्याला तेवढे पुरते. विज्ञानाला पुरत नाही. विज्ञान विचारते की पंख आहेत हे ठीक, पण ते कशाचे बनले आहेत? आत हाड आहे की नाही? पिल्लू दूध पिते की पाने खाते? म्हणून या लेखात एका शब्दात मावणारे दोन प्राणी घेऊ आणि वर्गीकरणाच्या शिडीवर ते कुठे एकत्र आहेत व कुठे वेगळे होतात ते पाहू. मग त्या दोघांना आज किती धोका आहे हे ठरवायचे कसे, तेही पाहू. दोन्ही प्राणी दूरदेशीचे नाहीत. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या जंगलाशी दोघांचेही नाते आहे.

पहिली ओळख: रॉटनचे मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ

खानापूर तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत भीमगडचे अभयारण्य आहे. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या जंगलाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हादई नदी याच मुलखात उगम पावते. या जंगलात तळेवाडी नावाचे छोटे गाव आहे आणि त्याच्या परिसरात बारापेडे नावाच्या गुहा आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९११ साली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. त्या काळात स्टॅन्ली हेन्री प्रेटर या तरुणाने बारापेडेच्या गुहेतून एका वेगळ्याच वटवाघळाचे नमुने गोळा केले. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ही जात जगाला तोवर माहीतच नव्हती. मुंबई इलाख्यात वनाधिकारी म्हणून नोकरी केलेले आणि मुंग्यांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत सगळ्यांचा अभ्यास करणारे रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांचे नाव तिला देण्यात आले. प्रेटर पुढे भारतीय प्राण्यांवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे लेखक झाले आणि आपली राज्यघटना तयार करणाऱ्या संविधान सभेचे सदस्यही झाले.

हे वटवाघूळ दिसते कसे? पाठीची लव गडद तपकिरी असते, मानेभोवती फिकट राखाडी पट्टा आणि अंगाच्या दोन्ही कडांना पांढरट किनार. कान खूप मोठे, पुढे झुकलेले आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. शेपूट पायांमधल्या पडद्याच्या बाहेर मोकळी आलेली असते, म्हणून 'मोकळ्या शेपटीचे'. कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड साधारण साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मोठ्या माणसाच्या मधल्या बोटापेक्षाही थोडे आखूड. अन्न म्हणजे उडते किडे. फळांशी याला काही देणेघेणे नाही.

दुसरी ओळख: सह्याद्रीचे बर्डविंग

श्रावणात किंवा पाऊस ओसरल्यावर खानापूर, कणकुंबी, चोर्ला घाट या बाजूला गेलात तर सकाळी झाडांच्या शेंड्यांवरून एक मोठे काळे-पिवळे फुलपाखरू तरंगत जाताना दिसू शकेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला छोटा पक्षी वाटतो. इंग्रजीतले 'बर्डविंग', म्हणजे पक्ष्याचे पंख असलेले, हे नाव त्यावरूनच पडले. पुढचे पंख काळे आणि मागचे सोनेरी पिवळे. मादी नरापेक्षा मोठी. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४ ते १९ सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. ती समोर धरून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

याला 'सदर्न बर्डविंग' किंवा 'सह्याद्री बर्डविंग' म्हणतात. पीटर क्रामर या डच अभ्यासकाने १७७९ साली त्याचे वर्णन केले आणि ग्रीक कथांतील मायनॉस राजाचे नाव त्याला दिले. हे फुलपाखरू दक्षिण भारतातले, मुख्यतः पश्चिम घाटातले. जगात दुसरीकडे कुठेच नाही. अशा प्राण्याला 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. कर्नाटकाचे हे राज्य फुलपाखरू आहे. (राज्य फुलपाखरू घोषित करणारे पहिले राज्य महाराष्ट्र. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला तो मान दिला.)

सामान्यज्ञानाच्या जुन्या पुस्तकांत 'भारतातील सर्वांत मोठे फुलपाखरू कोणते?' याचे उत्तर सदर्न बर्डविंग असे दिलेले असते. १९३२ साली नोंदलेल्या १९० मिलिमीटर मापावरून ते उत्तर आले. २०२० साली उत्तराखंडातील गोल्डन बर्डविंगच्या एका मादीचे माप १९४ मिलिमीटर नोंदले गेले आणि ८८ वर्षांचा विक्रम मोडला. फरक फक्त ४ मिलिमीटरचा. पण वहीत उत्तर दुरुस्त करून ठेवा.

वर्गीकरणाची शिडी

स्वीडनच्या कार्ल लिनियसने अठराव्या शतकात सजीवांना दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. प्राण्यांच्या नावांसाठी त्याच्या ग्रंथाची १७५८ ची दहावी आवृत्ती हा आरंभबिंदू मानतात. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहिल्यासारखेच. आता आपल्या दोन प्राण्यांना एकेका पायरीवर उभे करू.

सृष्टी: वटवाघूळ प्राणिसृष्टी, फुलपाखरू प्राणिसृष्टी.
संघ: वटवाघूळ समपृष्ठरज्जू (त्यातही पाठीचा कणा असलेले), फुलपाखरू संधिपाद.
वर्ग: वटवाघूळ सस्तन, फुलपाखरू कीटक.
गण: वटवाघूळ कायरॉप्टेरा, फुलपाखरू लेपिडॉप्टेरा.
कुल: वटवाघूळ मोलॉसिडी, फुलपाखरू पॅपिलिओनिडी.
प्रजाती: वटवाघूळ ओटोमॉप्स, फुलपाखरू ट्रॉयडीस.
जाती: वटवाघूळ ओटोमॉप्स रॉटोनी, फुलपाखरू ट्रॉयडीस मायनॉस.

शिडी नीट पाहा. पहिल्या पायरीवर दोघे एकत्र आहेत, आणि दुसऱ्याच पायरीवर वाटा फुटतात. म्हणजे या वटवाघळाचे नाते फुलपाखरापेक्षा बेडकाशी, माशाशी, तुमच्या गोठ्यातल्या म्हशीशी आणि तुमच्या-माझ्याशी जास्त जवळचे आहे. फुलपाखराचे नाते वटवाघळापेक्षा खेकड्याशी आणि विंचवाशी जवळचे, कारण तेही संधिपादच. दिसण्यावरून नाते ठरवले तर फसगत होते ती अशी.

गणांची नावे पाठ करायला मुले कंटाळतात. अर्थ कळला की ती आपोआप लक्षात राहतात. दोन्ही नावांच्या शेवटी 'प्टेरा' आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पंख. 'कायर' म्हणजे हात, म्हणून कायरॉप्टेरा म्हणजे हाताचेच पंख असलेले. 'लेपिस' म्हणजे खवला, म्हणून लेपिडॉप्टेरा म्हणजे खवल्यांचे पंख असलेले. 'ओटोमॉप्स' मधला 'ओट' म्हणजे कान. मोठ्या कानांची खूण नावातच आहे.

परीक्षेसाठी एक सूचना. रोमन लिपीत शास्त्रीय नाव लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान आणि दोन्ही शब्दांखाली रेघ. ही रेघ विसरली की गुण जातो. दर वर्षी जातो.

पंख एकच, घडण वेगळी

आपला हात समोर धरा. दंडात एक हाड, कोपरापुढे दोन, मग मनगट, तळवा आणि पाच बोटे. वटवाघळाच्या पंखात हाच आराखडा आहे. फक्त अंगठा सोडून बाकीची चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांब झाली आहेत, आणि त्यांच्यामध्ये कातडीचा दुहेरी पातळ पडदा ताणलेला आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, स्नायू आहेत. सस्तन प्राण्यांत खरेखुरे उडता येते ते फक्त वटवाघळांना. उडती खार झाडावरून झाडावर घसरत जाते, पंख मारत नाही.

फुलपाखराच्या पंखात हाड नाही. त्याच्या शरीरातच हाड नाही. बाहेरचे कायटिनचे कवच हाच त्याचा सांगाडा, आणि पंख म्हणजे त्या कवचाचाच पातळ विस्तार. त्यावर घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. फुलपाखरू हातात धरले की बोटांना जी पूड लागते ते हे खवले. गेलेले खवले पुन्हा उगवत नाहीत, म्हणून फुलपाखराला पंखाने धरू नये.

काम एक, पण उगम वेगळा, अशा अवयवांना समकार्य अवयव म्हणतात. उगम एक, पण काम वेगळे, ते समरचनात्मक अवयव. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख समकार्य. वटवाघळाचा पंख आणि आपला हात समरचनात्मक. दोन्ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवा.

वाढण्याच्या तऱ्हा

वटवाघळाची मादी साधारणपणे एका वेळी एकच पिल्लू देते आणि त्याला दूध पाजते. पिल्लू आईच्या अंगाला किंवा गुहेच्या छताला घट्ट धरून असते. एवढ्याशा जिवाच्या मानाने वटवाघळे पुष्कळ वर्षे जगतात, पण वाढतात फार हळू. उंदरासारखी वर्षाला कैक पिल्ले होत नाहीत. म्हणून एखाद्या वस्तीचे नुकसान झाले तर ते भरून निघायला वर्षानुवर्षे लागतात.

बर्डविंगची मादी पानावर एकेक अंडे घालते. अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू अशा चार अवस्था. एक मादी बरीच अंडी घालते, पण अडचण वेगळी आहे. तिची अळी वाटेल ते पान खात नाही. ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पतीच तिला चालतात. ईश्वरीची वेल आपल्याकडे जुन्या जाणत्यांना माहीत असते. या वनस्पतींत विषारी द्रव्य असते. अळी पाने खाते, विष अंगात साठवते, आणि त्यामुळे तिला व पुढे फुलपाखरालाही पक्षी सहसा तोंड लावत नाहीत. भडक काळा-पिवळा रंग ही जणू पाटीच आहे, की मला खाऊ नका.

म्हणजे एकाचे सारे आयुष्य गुहेला बांधलेले आणि दुसऱ्याचे एका वेलीला. यांचे रक्षण करायचे तर नुसता प्राणी वाचवून भागत नाही. त्याची ती एक गरज वाचवावी लागते.

लाल यादी म्हणजे काय?

आता लेखाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. निसर्ग संवर्धनासाठीचा आंतरराष्ट्रीय संघ १९४८ साली स्थापन झाला. १९६४ पासून तो 'लाल यादी' ठेवतो. रुग्णालयात जसा प्रत्येक रुग्णाच्या उशाशी तक्ता असतो, तसा हा प्रत्येक जातीचा तक्ता. त्यात नऊ रकाने आहेत: नामशेष, निसर्गातून नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटाच्या उंबरठ्यावर, किमान चिंता, अपुरी माहिती आणि मूल्यमापन न झालेले.

रकाना मतावरून ठरत नाही, मोजमापावरून ठरतो. उदाहरणार्थ, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (जे जास्त असेल ते) संख्या ३० टक्के घटली तर असुरक्षित, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त, अशी एक कसोटी आहे. प्रदेश किती लहान आहे आणि प्रौढ प्राणी किती उरले आहेत याच्याही कसोट्या आहेत. पन्नासपेक्षा कमी प्रौढ प्राणी उरले असतील तर तेवढ्यावरूनच जात अतिसंकटग्रस्त ठरते.

या यादीत सह्याद्रीचे बर्डविंग 'किमान चिंता' या रकान्यात आहे. पश्चिम घाटात ते बऱ्याच ठिकाणी दिसते. प्रदेश मर्यादित असला तरी सलग आहे. तरीही त्याच्या व्यापारावर नजर आहे, कारण सुंदर फुलपाखरे टाचणीला टोचून विकणारे लोक जगात आहेत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील 'सायटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्रॉयडीस प्रजातीचा समावेश आहे.

आणि आपले वटवाघूळ? इथे मुले हमखास चुकतात. ते 'अपुरी माहिती' या रकान्यात आहे. पूर्वी ते 'अतिसंकटग्रस्त' मानले जात होते, कारण जवळपास नव्वद वर्षे जगात त्याचा एकच ठिकाणा ठाऊक होता, तो म्हणजे बारापेडे. २००० च्या सुमारास कंबोडियात आणि नंतर मेघालयात याच जातीची वटवाघळे आढळली. तेव्हा प्रश्न पडला की ही जात आहे तरी किती दूरवर पसरलेली? तिकडे किती आहेत? वाढत आहेत की घटत आहेत? उत्तरे नसल्याने अतिसंकटग्रस्त असेही ठामपणे म्हणता येईना आणि सुरक्षित असेही म्हणता येईना.

भारतीय कायद्याने मात्र वाट पाहिली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि हत्ती यांच्या पंक्तीत, या वटवाघळाला जागा मिळाली. त्याच कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांना दीर्घकाळ 'उपद्रवी' प्राण्यांच्या अनुसूचीत टाकलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि उपद्रवींची ती अनुसूची रद्द झाली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सायटीस करारातल्या जातींसाठी याच दुरुस्तीने वेगळी अनुसूची जोडली.

सहलीच्या बैठकीतला प्रश्न

हा सारा अभ्यास मी नव्याने केला त्याला एक कारण घडले, तेही सांगते.

सहलीचे ठिकाण ठरवायला पालक, शिक्षक आणि विश्वस्त यांची बैठक होती. भीमगड परिसर असे ठरले, सगळ्यांना आवडले. मग एका पालकांनी सुचवले की मुलांना वटवाघळांची गुहाही दाखवावी. जगप्रसिद्ध प्राणी आपल्या दारात आहे, मुलांनी तो पाहू नये का? मी म्हणाले, गुहेत नको. त्यांनी शांतपणे विचारले, "बाई, मी यादी पाहिली आहे. त्यात हा प्राणी संकटग्रस्त लिहिलेला नाही. मग हरकत कसली?"

त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही. "अभयारण्यात परवानगी लागते," एवढेच म्हणाले. ते खरेच आहे, पण ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांचा प्रश्न योग्य होता, म्हणून त्याचे उत्तर इथे देते.

'अपुरी माहिती' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. दाखल्यावर जन्मतारखेचा रकाना कोरा असला म्हणजे मूल जन्मलेच नाही असे आपण म्हणत नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ एवढाच की चौकशी बाकी आहे. 'किमान चिंता' हा चौकशीनंतरचा निकाल आहे, 'अपुरी माहिती' हा निकालच नाही. परीक्षेत ३५ गुण मिळालेला विद्यार्थी आणि निकाल राखून ठेवलेला विद्यार्थी हे दोघे एकाच रांगेत बसत नाहीत. निकाल लागेपर्यंत शहाणा माणूस जपून वागतो.

दुसरे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवातले आहे. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी एका ट्रेकला गेलो होतो. जागेचे नाव सांगत नाही. वाटेत एक गुहा लागली. आत वटवाघळे होती. आम्ही बॅटऱ्या मारल्या, ओरडलो, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळा थवा एकदम सुटला. आम्ही हसत बाहेर पळालो. थोड्या वेळाने विसरलेली पाण्याची बाटली आणायला मी परत आत गेले, तर जमिनीवर एक पिल्लू पडलेले. अंगावर अजून लव नव्हती. ते तोंड उघडत होते, पण मला काही ऐकू येत नव्हते. उचलायचे की नाही तेही कळेना. मी बाटली घेतली आणि बाहेर आले. मैत्रिणींना काही बोलले नाही.

आम्ही दुष्ट नव्हतो, अडाणीही नव्हतो. माझा विषय प्राणिशास्त्रच होता. कायरॉप्टेराची लक्षणे मला तोंडपाठ होती. पण वर्षाला एकच पिल्लू होते, आणि ते छतावरून पडले तर त्या आईचे ते वर्ष वाया जाते, हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. चाळीस मुले, चार शिक्षक आणि चव्वेचाळीस बॅटऱ्या अशा गुहेत नेल्या तर काय होईल, याचा हिशेब आता आपण सगळेच मांडू शकतो.

बैठकीत शेवटी सहल भीमगड परिसरात नेण्याचे ठरले, गुहा मात्र वगळली. ज्या पालकांनी प्रश्न विचारला होता तेच सहलीत सर्वांत पुढे होते, आणि झाडाच्या शेंड्यावर पहिले बर्डविंग त्यांनाच दिसले.

वटवाघूळ न पाहता त्याचा अभ्यास होतो का, असे मुले विचारतात. होतो. किडे खाणारी वटवाघळे अंधारात उडताना आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधतात. बहुतेकांचे आवाज आपल्या कानांच्या पलीकडचे, २० हजार हर्ट्झच्या वरचे असतात. रॉटनच्या वटवाघळाचा आवाज मात्र बऱ्याच वटवाघळांपेक्षा खालच्या पट्टीतला आहे. आवाज टिपणारी यंत्रे जंगलात ठेवून अभ्यासक आता गुहेत पाऊल न टाकता जात ओळखू पाहत आहेत. विज्ञान पुढे गेले की प्राण्याला त्रास कमी होतो, याचे हे चांगले उदाहरण.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थ्यांसाठी: जुन्या इमारतीत, विहिरीत किंवा देवळात वटवाघळे दिसली तर दगड मारू नका, धूर करू नका. ती रात्रभर डास आणि पिकांवरचे किडे खातात. मात्र त्यांना हात लावू नका. जखमी किंवा खाली पडलेले वटवाघूळ दिसले तर मोठ्यांना सांगा आणि वन खात्याला कळवा. वटवाघळांमुळे रोग येतात ही भीती गेल्या काही वर्षांत फार पसरली. दूर राहणे, न हाताळणे आणि पक्ष्याने किंवा वटवाघळाने चावलेले फळ न खाणे, ही खबरदारी पुरेशी आहे. मारून टाकणे हा उपाय नव्हे.

पालकांसाठी: सुटीत मुलांना रानात न्या, पण गुहेच्या तोंडापासून परत फिरा. संध्याकाळी दूर, मोकळ्यावर उभे राहून आकाशात उडणारी वटवाघळे पाहता येतात. त्याला तिकीट लागत नाही आणि कुणाचे पिल्लूही पडत नाही.

विश्वस्तांसाठी एक विनंती: शाळेच्या कुंपणालगत, मागच्या बाजूला थोडी सावलीची जागा रिकामी आहे. तिथे ईश्वरीच्या चार वेली लावायला परवानगी द्यावी. रोपे रोपवाटिकेतून घेऊ, जंगलातून उपटून आणणार नाही. देशी ईश्वरीच घेऊ, कारण बाहेरून आलेल्या शोभेच्या वेली अळ्यांना मानवतीलच असे नाही. जंगलापासून शहरात बर्डविंग येईलच याची खात्री मी देत नाही. पण ईश्वरीवर वाढणारी इतरही फुलपाखरे आहेत. शेजारी घाणेरीची झुडपे न लावता देशी फुलझाडे लावू. वेल विषारी असल्याने तिला जाळीचे कुंपण आणि पाटी लागेल. ईश्वरी औषधी आहे असे घरोघरी सांगतात, पण तिच्यातले द्रव्य मूत्रपिंडाला घातक आणि कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. ती अळ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, हे मुलांना मी स्वतः शिकवीन.

स्वाध्याय

१. वटवाघूळ आणि फुलपाखरू वर्गीकरणाच्या कोणत्या पायरीवर वेगळे होतात? का?
२. वटवाघळाचा पंख, फुलपाखराचा पंख, देवमाशाचा पर आणि आपला हात यांत समकार्य व समरचनात्मक जोड्या शोधा.
३. 'किमान चिंता' आणि 'अपुरी माहिती' यांतला फरक तुमच्या शब्दांत, स्वतःच्या उदाहरणासह लिहा.
४. कायरॉप्टेरा, लेपिडॉप्टेरा आणि ओटोमॉप्स या नावांचे अर्थ सांगा.
५. आजी-आजोबांना विचारा: 'पाकोळी' म्हणजे त्यांच्या गावात काय? गावाचे नाव लिहून उत्तर वर्गात आणा. सगळी उत्तरे एकत्र करून आपण शब्दाचा नकाशा काढू.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर चुकत नाही, तेव्हा निर्धास्त लिहा. आजीचा शब्द जपा आणि शास्त्राचे नावही शिका. दोन्ही आपल्याच रानाची नावे आहेत.